दुकान मुद्दाम बिघडवून दाखवावे: ऑनलाइन दुकानावर ऑब्झर्व्हेबिलिटीचे प्रात्यक्षिक

"पैसे खात्यातून गेले, पण ऑर्डर कुठेच दिसत नाही," अशी तक्रार निपाणीच्या एका गिऱ्हाइकाने केली, तेव्हा शहापूरच्या साड्या ऑनलाइन विकणारा माझा जुना विद्यार्थी पुरता गोंधळून गेला होता. त्याच्या दुकानाच्या सातही सेवा (एकेक काम करणारे स्वतंत्र प्रोग्राम) चालू होत्या, सर्व्हरवर ताण नव्हता आणि देखरेखीच्या पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे होते. गिऱ्हाईक खोटे बोलत नव्हते आणि दिवेही खोटे नव्हते. ते दिवे ज्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लावले होते, त्यांत गिऱ्हाइकाचा प्रश्न बसत नव्हता, एवढेच. त्या तक्रारीचा उलगडा पुढे येईल. पण बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागांतल्या अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आणि छोट्या सॉफ्टवेअर गटांसाठी मी या विषयाची प्रात्यक्षिके घेते, त्यांची मांडणी त्या दिवसापासून बदलली.

पूर्वी मी ग्राफानाचे रंगीत आलेख दाखवत असे. लोक माना डोलवत, चहा पीत आणि घरी जात. आता मी चालते दुकान त्यांच्या देखत बिघडवते आणि दोष कुठे आहे हे त्यांनाच शोधायला लावते. हे कसे करायचे, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

ऑब्झर्व्हेबिलिटी हा शब्द संगणकवाल्यांनी घडवलेला नाही. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० च्या सुमारास नियंत्रणशास्त्रात तो वापरला. एखाद्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या खुणांवरून तिच्या आतली अवस्था किती ओळखता येते, असा त्याचा अर्थ होता. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा घ्यावा: आधी कोणाला न सुचलेला प्रश्न उद्या विचारला गेला, तरी नवा कोड न लिहिता आणि दुकान बंद न करता त्याचे उत्तर मिळाले पाहिजे. साधी देखरेख ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे देते, आणि तीही लागतेच. पण एकाच खरेदीमागे दहा-बारा स्वतंत्र प्रोग्राम धावत असतात, तेव्हा बिघाडांचे प्रकार इतके होतात की सगळे प्रश्न आधी ठरवून ठेवणे कोणालाच जमत नाही.

दुकान कोणते घ्यावे

प्रात्यक्षिकासाठी स्वतः दुकान लिहीत बसू नये. चालत्या प्रोग्रामची माहिती गोळा करण्याची साधने देणारा ओपनटेलिमेट्री हा प्रकल्प २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस या दोन प्रकल्पांच्या विलीनीकरणातून उभा राहिला. त्याने खास प्रात्यक्षिकासाठी एक नमुना दुकान खुले ठेवले आहे. ॲस्ट्रॉनॉमी शॉप या नावाच्या त्या दुकानात दुर्बिणी आणि आकाशनिरीक्षणाचे सामान विकले जाते, आणि त्याचा पाया गूगलच्या ऑनलाइन बुटीक या नमुना दुकानावरून घेतलेला आहे. पहिल्या वर्षी दुर्बिणींच्या जागी कुंदा, करदंट आणि साड्या घालून ते 'आपले' करावे म्हणून मी दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. त्यातून हशा पिकला, पण कोणाच्या समजुतीत काडीची भर पडली नाही. दुर्बिणी तशाच राहू द्याव्यात.

या दुकानाची खरी गंमत त्याच्या भाषांत आहे. पानांचा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये, ऑर्डर पूर्ण करणारी चेकआउट सेवा गोमध्ये, टोपली सांभाळणारी कार्ट सेवा सी-शार्पमध्ये, चलनबदल सी-प्लस-प्लसमध्ये, पाठवणी रस्टमध्ये, पाठवणीचा दर काढणारी सेवा पीएचपीमध्ये, पैसे घेणारी जावास्क्रिप्टमध्ये, ईमेल रुबीमध्ये, शिफारशी पायथनमध्ये, जाहिराती जावामध्ये आणि फसवणूक तपासणारी सेवा कोटलिनमध्ये लिहिलेली आहे. आपल्याकडच्या बाजाराला हे नवे नाही. गणपत गल्लीत एकाच गाळ्यावर मराठी, कन्नड आणि हिंदी बोलली जाते, खानापूरकडचे गिऱ्हाईक आले तर कोकणीही ऐकू येते, तरी व्यवहार अडत नाही, कारण भाषा कोणतीही असली तरी किलो सगळ्यांचा एकच असतो. ओपनटेलिमेट्रीने प्रोग्रामिंगच्या भाषांसाठी असाच एक किलो ठरवून दिला आहे. कोणत्या गोष्टीला काय नाव द्यायचे, वेळ कशी मोजायची आणि माहिती कोणत्या रूपात पाठवायची, हे सर्व भाषांसाठी सारखे असते.

आदल्या दिवशीची तयारी

या भागात कंटाळा केला तर प्रात्यक्षिक हमखास फसते. सगळे दुकान डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) चालवायचे झाल्यास त्याला सुमारे ६ जीबी मेमरी आणि १४ जीबी डिस्क लागते, म्हणून लॅपटॉप १६ जीबी मेमरीचा असावा. ८ जीबीचाच लॅपटॉप असेल तर प्रकल्पाबरोबर येणारी छोटी आवृत्ती चालवावी. तिच्यात काफ्काची (सेवांमधले संदेश साठवून पुढे देणारी) रांग आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या हिशेबाच्या व फसवणूक तपासण्याच्या सेवा वगळलेल्या असतात, आणि पुढे सांगितलेल्या तिन्ही दोषांसाठी त्यांची गरज पडत नाही. प्रकल्पाची प्रत गिट क्लोनने उतरवून घ्यावी आणि त्या फोल्डरमध्ये मेक स्टार्ट ही आज्ञा द्यावी, की दुकान उभे राहते. विंडोजवर मेक नसेल तर डॉकर कंपोज अप चालते.

मात्र पहिल्या वेळी काही जीबींच्या प्रतिमा (सेवांच्या तयार डॉकर प्रती) उतरतात, आणि कॉलेजच्या सभागृहातल्या वायफायवर साठ मुले बसलेली असताना ते काम पार पडेल अशी आशा धरू नये. प्रतिमा घरीच उतरवाव्यात. सहभागी स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहणार असतील तर डॉकर सेव्ह वापरून त्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि तिथे डॉकर लोडने चढवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या बाजूला कार्यक्रम असेल तर प्रोजेक्टरला यूपीएस आहे का हेही विचारून ठेवावे. लॅपटॉपची बॅटरी टिकते, पण पावसात वीज गेली की प्रोजेक्टर बंद पडतो आणि परत सुरू होईपर्यंत सगळ्यांचा धागा तुटलेला असतो.

दुकान लोकलहोस्टच्या ८०८० या पोर्टवर उघडते. ट्रेस (एका विनंतीच्या पूर्ण प्रवासाची नोंद) पाहण्याचे जेगर, आलेखांचे ग्राफाना, कृत्रिम गिऱ्हाइके सोडणाऱ्या लोकस्टचे पान आणि दोष चालू-बंद करण्याचे फीचर फ्लॅगचे पान, हे चारही त्याच पोर्टखाली मिळतात. त्यांचे पत्ते प्रकल्पाच्या माहितीपानावरून एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावेत आणि फ्लॅगचे पान सोडून बाकीची पाने ब्राउझरमध्ये आधीच उघडून ठेवावीत. फ्लॅगचे पान दुसऱ्याच कोणाकडे असावे. त्याचे कारण लवकरच कळेल.

बिल्टी

सुरुवात आकृतीपासून करू नये, खरेदीपासून करावी. प्रेक्षकांतल्या कोणाला तरी पुढे बोलावून एक दुर्बीण टोपलीत टाकून ऑर्डर करायला सांगावे. ऑर्डर झाली की सभेला विचारावे की या एका क्लिकमागे किती प्रोग्राम कामाला लागले असतील. कोणी दोन म्हणते, कोणी चार म्हणते. मग जेगरमध्ये चेकआउट सेवा निवडून नुकताच आलेला ट्रेस उघडावा आणि काही न बोलता थोडा वेळ पडदा तसाच ठेवावा. टोपली वाचली गेली, दुर्बिणीची किंमत काढली गेली, चलन बदलले गेले, पाठवणीचा दर विचारला गेला, पैसे घेतले गेले, ईमेल गेला, आणि यातला प्रत्येक टप्पा किती मिलिसेकंदांचा होता, हे आडव्या पट्ट्यांत दिसत राहते. पुढचे सगळे समजणे या एका चित्रावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नये.

ट्रेस म्हणजे काय हे सांगायला आपल्याकडे एक तयार शब्द आहे. पुणे-बेंगळूरू महामार्गालगतच्या कोणत्याही ट्रान्सपोर्ट कार्यालयात माल बुक केला की बिल्टी मिळते. तो माल संकेश्वरला उतरो, कोल्हापुरात गाडी बदलो, पुण्याच्या गोदामात दोन दिवस पडून राहो, प्रत्येक ठिकाणच्या वहीत नोंद होते ती त्याच बिल्टी क्रमांकाने. माल हरवला तर मालक आधी बिल्टी क्रमांक विचारतो आणि वह्या उलटत शेवटची नोंद कुठे झाली ते पाहतो. ट्रेस आयडी हा तो बिल्टी क्रमांक आहे आणि स्पॅन ही एकेका गोदामाच्या वहीतली नोंद आहे, ज्यात माल कधी आला, कधी निघाला आणि कोणाकडून आला हे लिहिलेले असते.

हा क्रमांक एका सेवेकडून दुसरीकडे विनंतीच्या हेडरमधून, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून, जातो. डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेच्या ट्रेस कॉन्टेक्स्ट या प्रमाणानुसार त्या हेडरचे नाव ट्रेसपेरेंट आहे आणि त्यात चार तुकडे असतात: आवृत्ती, ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी, बोलावणाऱ्या स्पॅनचा १६ अक्षरांचा आयडी आणि शेवटी खुणेची दोन अक्षरे, ज्यांवरून या ट्रेसची नोंद ठेवली जात आहे की नाही ते समजते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये किंवा एखाद्या सेवेच्या लॉगमध्ये (तिने लिहिलेल्या नोंदवहीत) ही ओळ प्रत्यक्ष दाखवली तर गूढ बरेच कमी होते. मधल्या एका सेवेने ती पुढे दिली नाही तर ट्रेस तिथेच तुटतो आणि पुढची कामे बेवारस मालासारखी वेगळी दिसू लागतात. प्रत्यक्ष कामात अडचण येते ती बहुधा इथेच, आणि विशेषतः रांगेपाशी. काफ्कामध्ये संदेश टाकताना हा क्रमांक संदेशाच्या हेडरमध्ये घालावा लागतो, नाहीतर हिशेबाच्या सेवेने केलेले काम कोणत्या ऑर्डरचे होते हे कायमचे हरवते.

सगळ्या सेवांची माहिती आधी कलेक्टर नावाच्या मधल्या प्रोग्रामकडे जाते. कोगनोळीच्या नाक्यासारखे हे ठिकाण आहे: येणारा सगळा माल इथूनच जातो, तपासला जातो, नको ते काढून घेतले जाते आणि मग आपापल्या दिशेने पाठवले जाते. सेवा त्याच्याशी ४३१७ किंवा ४३१८ या पोर्टवर बोलतात, पहिला जीआरपीसीसाठी आणि दुसरा एचटीटीपीसाठी (या संदेश पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत). पुढे ट्रेस जेगरकडे, मेट्रिक्स (ठरावीक काळाने मोजलेले आकडे) प्रोमीथिअस या साठ्याकडे आणि लॉग ओपनसर्च या साठ्याकडे जातात. याहून अधिक आकृती या टप्प्यावर दाखवण्याची गरज नाही.

पहिला दोष: एकच दुर्बीण उघडत नाही

आता फ्लॅगचे पान ज्याच्याकडे दिले आहे त्या सहकाऱ्याने, आपल्याला न सांगता, प्रॉडक्ट कॅटलॉग फेल्युअर हा फ्लॅग चालू करावा. सादरकर्त्याची पाठ पडद्याकडे असलेली बरी, कारण दोष कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस नकळत सरळ उत्तराकडेच चालत जातो आणि शोधाची वाट प्रेक्षकांना दिसतच नाही.

हा फ्लॅग फक्त एका वस्तूवर परिणाम करतो: नॅशनल पार्क फाउंडेशन एक्सप्लोरास्कोप या दुर्बिणीचे पान मागितले की कॅटलॉग सेवा चूक परत करते. बाकीचे दुकान व्यवस्थित चालते. ग्राफानात चुकांचे प्रमाण थोडेसे वर चढलेले दिसते, इतके थोडे की पुष्कळ ठिकाणी कोणी त्याकडे लक्षही देणार नाही. इथे सभेला विचारावे की या आलेखावरून दोष कुठे आहे ते सांगता येईल का. कॅटलॉग सेवेत काहीतरी आहे, इतपत सांगता येते. त्यापुढे आलेख गप्प बसतो, कारण मेट्रिक्स किती झाले ते सांगतात, कोणाचे झाले ते सांगत नाहीत.

मग जेगरमध्ये चुकीची खूण असलेले ट्रेस वेगळे काढावेत आणि तीन-चार उघडून त्यांच्या स्पॅनमधली माहिती शेजारी शेजारी वाचायला लावावी. वेळा वेगळ्या, गिऱ्हाइके वेगळी, चलने वेगळी, पण वस्तूचा आयडी सगळीकडे एकच आहे, हे पहिल्या बाकावरची एखादी मुलगी ओरडून सांगते तो क्षण प्रात्यक्षिकाचा खरा आरंभ असतो.

उद्यमबागेत ज्यांच्या घरी फाउंड्रीचे काम आहे त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ओतकामाच्या प्रत्येक वितळणीला हीट नंबर असतो आणि परत आलेले तडकलेले नग एकाच हीट नंबरचे निघाले तर दोष साच्यात न शोधता त्या दिवशीच्या धातूत शोधतात. स्पॅनवर लिहिलेला वस्तूचा आयडी किंवा सेवेची आवृत्ती हे आपले हीट नंबर आहेत. आवृत्ती तर लिहिलीच पाहिजे, कारण नवी आवृत्ती चढवल्यानंतरच्या बिघाडात सगळे लाल ट्रेस नव्या आवृत्तीचेच आहेत का, हा एक प्रश्न अर्धे काम उरकतो. ही माहिती आपोआप येत नाही. स्वयंचलित साधने कोणता पत्ता बोलावला आणि किती वेळ लागला हे टिपतात, पण दुकानदाराच्या भाषेतले शब्द, म्हणजे ऑर्डर क्रमांक, वस्तू, पाठवणीचा प्रकार, पैसे देण्याची पद्धत, हे ज्याने कोड लिहिला त्यालाच घालावे लागतात.

दुसरा दोष: गप्प बसलेली सेवा

हा माझा आवडता भाग आहे आणि यात एकसारखे दिसणारे दोन दोष लागोपाठ दाखवायचे असतात. आधी पेमेंट फेल्युअर हा फ्लॅग चालू करावा, त्यामुळे ऑर्डर नापास होऊ लागतात. ट्रेस उघडल्यावर चेकआउटच्या स्पॅनखाली पेमेंट सेवेचा स्पॅन दिसतो, तो लाल असतो आणि त्यात चुकीचा मजकूर असतो. कोणालाही उत्तर सापडते. तो बंद करून मग पेमेंट अनरीचेबल हा दुसरा फ्लॅग चालू करावा. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर लक्षण तेच आहे: ऑर्डर होत नाही. ट्रेसमध्ये मात्र चेकआउटने केलेली हाक लाल दिसते आणि तिच्याखाली काहीच नसते. पेमेंट सेवेचा स्पॅनच नाही.

इथे सभेत हमखास वाद होतो. पेमेंट सेवा पडली आहे, असे बहुतेक जण म्हणतात. मग त्यांना पेमेंट सेवेचा कंटेनर पाहायला सांगावे. तो ठणठणीत असतो आणि त्याच्या लॉगमध्ये एकही चूक नसते. प्रत्यक्षात या फ्लॅगने चेकआउट सेवेला चुकीचा पत्ता दिलेला असतो, म्हणजे दोष हाक मारणाऱ्याचा आहे आणि ज्याच्यावर संशय घेतला त्याच्यापर्यंत हाक पोचलेलीच नाही. ट्रेस वाचताना लाल पट्टी कुठे आहे याइतकेच कोणती पट्टी असायला हवी होती आणि नाही, हे पाहायला शिकवणारे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

निपाणीच्या गिऱ्हाइकाची तक्रार याच जातीची निघाली. माझ्या विद्यार्थ्याने पुढे चेकआउट आणि पेमेंट या दोन सेवांना ट्रेस जोडले, आणि आठवड्याभरात तसाच प्रसंग पुन्हा घडला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. चेकआउटची पट्टी पाच सेकंदांवर संपलेली होती, कारण त्याने तेवढीच मर्यादा घातली होती, आणि तिच्याखालची पेमेंटची पट्टी तिच्याही पुढे जाऊन आठव्या सेकंदाला यशस्वी म्हणून संपली होती. मुलाची पट्टी आईच्या पट्टीच्या बाहेर डोकावते, तेव्हा वरच्या सेवेने वाट पाहणे सोडून दिले आहे आणि खालची सेवा काम करतच राहिली आहे, असे समजावे. चेकआउटने ऑर्डर रद्द केली होती आणि पेमेंटने पैसे घेतले होते. दोन्ही सेवा आपापल्या परीने बरोबर होत्या, म्हणून दिवे हिरवे होते. त्याने नुसती मर्यादा वाढवली नाही. मर्यादा संपली की ऑर्डर रद्द न करता 'तपासणीत' अशी ठेवायची, पैसे खरोखर गेले का हे पुन्हा विचारायचे, आणि एकाच ऑर्डरसाठी दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मागणीला एकच कायम क्रमांक द्यायचा, अशी दुरुस्ती त्याने केली.

तिसरा दोष: हळूहळू फुगणारा

रेकमेंडेशन कॅश फेल्युअर हा फ्लॅग चालू केल्यावर परिणाम दिसायला काही मिनिटे लागतात, म्हणून तो चहाच्या सुट्टीआधी चालू करावा आणि सगळ्यांनी कुंदा खाऊन यावे. शिफारशी देणाऱ्या सेवेची कॅश (पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची जागा) या फ्लॅगमुळे वाढतच जाते. सभा परत येते तेव्हा त्या सेवेची मेमरी चढत गेलेली असते. ती मर्यादेला टेकली की कंटेनर मारला जातो आणि पुन्हा उभा राहतो, त्यामुळे आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. लॉगमध्ये याचे कारण सहसा सापडत नाही, कारण मारला गेलेला प्रोग्राम शेवटचे शब्द लिहीत बसत नाही.

दोष शोधण्याआधी इथे सरासरीविषयी दोन शब्द सांगावेत. १००० विनंत्यांपैकी ९४० विनंत्यांना २०० मिलिसेकंद लागले आणि ६० विनंत्यांना ६ सेकंद लागले, तर सरासरी साधारण ५४८ मिलिसेकंद येते. अर्धा सेकंद म्हणजे काही वाईट नाही, असे म्हणून दुकानदार निर्धास्त होतो. पण अर्ध्या सेकंदाचा अनुभव त्या हजारांपैकी एकालाही आलेला नाही. ९५ वा शतमक (शंभरातल्या ९५ विनंत्या जेवढ्या वेळात उरकतात ती वेळ) पाहिला तर तो ६ सेकंद दाखवतो आणि दुखणे उघडे पडते. म्हणून वेळेचे आलेख ५०, ९५ आणि ९९ या शतमकांचे ठेवावेत. सरासरीचा आलेख मी माझ्या पडद्यावरून काढूनच टाकला आहे.

मग जेगरमध्ये शिफारस सेवेचे ट्रेस वेळेनुसार लावावेत. सर्वांत संथ ट्रेसमध्ये कॅशमधून उत्तर मिळाले नाही अशी खूण आढळते आणि जलद ट्रेसमध्ये मिळाल्याची. यात नवल नाही. कॅश ठेवतात ती वेग वाढावा म्हणून. पण त्या संथ स्पॅनवर वस्तूंची संख्या लिहिलेली असते, ती दुकानातल्या एकूण वस्तूंच्या मानाने अवाढव्य दिसते, आणि कॅशमध्ये त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा भरल्या जात आहेत हा निष्कर्ष सभेतूनच येतो. मेट्रिक्सने जागा दाखवली, ट्रेसने कारण दाखवले. लॉगची पाळी आली नाही, तरी एका लॉगच्या ओळीत ट्रेस आयडी कसा लिहिलेला असतो आणि त्यावरून थेट ट्रेसवर कसे जाता येते, हे या टप्प्यावर दाखवून घ्यावे. दाखवताना एक सापळा सांभाळावा. कंटेनरचे लॉग बहुधा जागतिक वेळेत असतात आणि जेगर ब्राउझरची स्थानिक वेळ दाखवतो, त्यामुळे दोन्हींत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि जुळणारी नोंद समोर असून दिसत नाही.

आपल्या दुकानात हे आणताना

प्रात्यक्षिकानंतर हमखास विचारले जाते की हे सगळे आमच्या दुकानात बसवायला किती दिवस लागतील. सगळे एकदम बसवू नये. पैसे जिथून जातात त्या दोन-तीन सेवांना आधी स्वयंचलित साधनाने ट्रेस जोडावेत, त्यांच्यावर चार-पाच व्यावसायिक शब्द घालावेत आणि महिनाभर वापरून पाहावे.

दोन चुका मात्र पहिल्या दिवसापासून टाळाव्यात. प्रोमीथिअसच्या मेट्रिक्सवर गिऱ्हाइकाचा क्रमांक लेबल म्हणून लावू नये. दहा सेवा, प्रत्येकी वीस कामे आणि पाच प्रकारचे निकाल धरले तर १,००० मालिका (स्वतंत्रपणे साठवल्या जाणाऱ्या आकड्यांच्या ओळी) होतात, आणि त्यांना ५,००० गिऱ्हाइकांचे लेबल लावले की त्या ५० लाखांपर्यंत जाऊ शकतात. असा डोंगर सांभाळताना देखरेखीचाच सर्व्हर आधी झोपतो. गिऱ्हाइकाचा क्रमांक ट्रेसवर चालतो, कारण तिथे प्रत्येक नोंद तशीही वेगळीच असते. दुसरे म्हणजे कार्डाचा क्रमांक, ओटीपी, मोबाइल क्रमांक आणि घरचा पत्ता यांतले काहीही स्पॅनवर किंवा लॉगमध्ये जाऊ देऊ नये. कोडमध्ये काळजी घ्यावीच, शिवाय कलेक्टरच्या नाक्यावरही ते पुसून टाकण्याचा नियम लावावा.

गर्दीच्या काळात सगळे ट्रेस साठवणे परवडत नाही, म्हणून निवड करावी लागते. विनंती येताच चिठ्ठी टाकून निवडले तर स्वस्त पडते, पण नेमका बिघडलेला ट्रेस सुटून जातो. त्याऐवजी ट्रेस पूर्ण झाल्यावर कलेक्टरने ठरवावे: चुकलेले सगळे ठेवायचे, ठरावीक वेळेपेक्षा संथ सगळे ठेवायचे, आणि सुरळीत झालेल्यांतले शंभरात पाच ठेवायचे. त्यासाठी एका ट्रेसचे सर्व स्पॅन एकाच कलेक्टरकडे पोचावे लागतात. छोट्या दुकानाला एकच कलेक्टर पुरतो, त्यामुळे ही अट त्याला सहसा जाणवत नाही.

शेवटची पंधरा मिनिटे सहभागींची असतात. एकाने बाहेर जाऊन हवा तो फ्लॅग चालू करायचा, बाकीच्यांनी शोधायचे, आणि सादरकर्त्याने हाताची घडी घालून बसायचे. उत्तर सापडले की ज्या स्पॅनवरून ते सापडले त्याचे नाव फळ्यावर लिहायचे, सेवेचे नाव पुरत नाही.

उठण्याआधी फ्लॅगच्या पानावरचा प्रत्येक फ्लॅग बंद आहे ना ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच डॉकर कंपोज डाउनने दुकान उतरवावे. एकदा मी न पाहताच लॅपटॉप मिटला, दुसऱ्या दिवशी चिकोडीच्या वर्गात तेच दुकान तसेच उघडले आणि पहिल्याच खरेदीला ऑर्डर नापास झाली. मला कारण सुचेना, म्हणून मुलांनाच शोधायला सांगितले, आणि त्यांना जी पट्टी दिसली नाही ती पेमेंटची होती.